सातारा ते सॅन फ्रान्सिस्को: विमान पूर्वेकडून जातं की पश्चिमेकडून? आणि किती तास?

माहुलीकर

नमस्कार मंडळी. मुलगी-जावई सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असतात. मे महिन्यात मी आणि सौ. पहिल्यांदाच तिकडे जाणार आहोत. जावयांनी व्हॉट्सॲपवर तीन तिकिटांचे फोटो पाठवले आणि "बाबा, तुम्हाला सोयीचं पडेल ते सांगा" म्हणून मोकळे झाले. पहिलं मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को, दुसरं मुंबई–सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को आणि तिसरं दिल्लीहून थेट.

माझा गोंधळ असा, की दुबई पश्चिमेला आणि सिंगापूर पूर्वेला. दोन्हीकडून अमेरिकेलाच पोचतो म्हणजे पृथ्वी गोल आहे हे मान्य. पण जवळचं कुठलं? मोबाइलवर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किमी दाखवतं. विमान ताशी ९०० नं जातं म्हणतात, मग पंधरा तास झाले. तिकिटांवर मात्र कुठं बावीस तास, कुठं अठ्ठावीस. सौं.चे गुडघे दुखतात, त्यामुळे तासांचा हिशेब आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

खंबाटकी

काका, आधी साताऱ्यापासून सुरू करा, विमानाचं नंतर बघू. पोवई नाक्यावरून मुंबईचा विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या पुढेच आहे. रात्री निघालात तर पाच तास. शनिवार-रविवार असेल, घाटात एखादा ट्रक आडवा झाला असेल, वाकडला अडकलात, तर सात. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन-चार तास आधी हजर राहायचं. म्हणजे विमानाचं चाक उचलायच्या आधीच तुमचे नऊ-दहा तास गेले. जावयांच्या फोटोत हे तास नसतात.

शाळामास्तर

माहुलीकर, भूगोल शिकवण्यात हयात गेली, म्हणून बोलतो. भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. त्याच्यात उत्तर ध्रुव हा एक बिंदू असायचा तो वरची अख्खी कड होऊन बसतो आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. अंतराचा अंदाज घ्यायला तो निरुपयोगी.

घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या, नसेल तर नातवंडांच्या शाळेतून मागून आणा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो सिंगापूरकडेही जाणार नाही आणि दुबईकडेही. तो सरळ वर जाईल. पंजाब-हिमाचल, हिमालय, चीनचा शिनजियांग प्रांत, मग सायबेरिया, आर्क्टिक महासागराची कड, अलास्का, आणि तिथून कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली उतरेल. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेवर. पूर्वेकडून मोजलं तर १६५ अंश, पश्चिमेकडून १९५. जवळजवळ पाठीला पाठ लावून बसलेली गावं ही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्वही नाही आणि पश्चिमही नाही, उत्तर हेच आहे.

दुबईचा दोरा तर आणखी मजेदार. दुबई ५५ पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम, बेरीज १७७. म्हणजे दोरा जवळजवळ ध्रुवावरूनच जातो. दुबईला उतरून पश्चिमेकडे जातोय असं आपल्याला वाटतं, पण पुढचं विमान उत्तरेला तोंड करतं.

बोगद्यापलीकडं

गुरुजी एक शंका हाय. पृथ्वी पश्चिमेकडनं पूर्वेला फिरती. मग विमान नुसतं वर नेऊन थांबवलं आन खालून अमेरिका आली की उतरवलं, तर तेलपण वाचंल आन काकूंचं गुडघंपण. आमच्या पारावर ह्यावर दोन दिस वाद चाललाय.

शाळामास्तर

पारावर सांगा, की हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. साताऱ्यात जमीन ताशी सुमारे १,६०० किमी वेगानं पूर्वेला पळते. हवा जागेवर राहिली असती तर अजिंक्यताऱ्यावर माणूस सोडा, दगड राहिला नसता.

बोगद्यापलीकडं

म्हंजे वाद मीच हारलो. चहा माझ्यावर.

कोयनाकाठ

मूळ कराडचा, विमानांचे मार्ग आखण्याच्या कामात आहे. मास्तरांनी अंतर सांगितलं, मी वेळेचं सांगतो, कारण या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत.

तीस-चाळीस हजार फुटांवर मधल्या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत सतत वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किमी ही त्याची नेहमीची चाल, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातो. विमानाचा ९०० चा वेग हवेच्या मानानं असतो. पाठीमागून २०० चा वारा मिळाला तर जमिनीच्या मानानं तुम्ही ११०० नं जाता, समोरून आला तर ७०० नं. पंधरा तासांच्या प्रवासात हा फरक किती पडेल, तुम्हीच बघा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच मार्गावरचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेला वळवून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आली. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचले. परतीला ते अटलांटिकवरूनच यायचं, कारण तिकडून येतानाही वारा पाठीशी. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची.

आता मास्तरांचा दोरा विमानाला जसाच्या तसा का पकडता येत नाही ते सांगतो. पहिली अडचण तिबेटची. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला पटकन दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. आता तिबेटच्या पठारावर जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. खाली यायला जागा नाही, म्हणून विमानं ते पठार शक्यतो टाळून जातात.

दुसरी अडचण थंडीची. नेहमीचं विमानाचं इंधन उणे ४७ अंशाला गोठायला लागतं आणि ध्रुवाकडे बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते, त्यामुळे टाकीतलं तापमान सतत बघत राहावं लागतं. तरीही ध्रुवावरून विमानं जातात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान उत्तर ध्रुवावरूनच आणलं होतं, १७ तासांच्या आसपास.

तिसरी अडचण उतरायला जागा असण्याची. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवावं लागलं. दोनशेहून जास्त प्रवासी तिथं अडकले, दुसरं विमान पाठवून त्यांना नेलं. त्या बातमीनं बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं, की दिल्लीहून कॅलिफोर्नियाला जाताना वाटेत मगदान लागतं.

राहिलं राजकारण. २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं, २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै ते बंद होतं. त्यामुळे भारतीय कंपन्यांची युरोप-न्यूयॉर्ककडची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली आणि काहींना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. तुम्ही पूर्वेकडून जात असाल तर पाकिस्तानचा प्रश्न तुम्हाला फारसा लागत नाही.

पाटणकरीण

बापरे, एवढं वाचून माझी आई म्हणेल मी नाहीच जात.

काका, मी नेमकी उलटी बाजू मांडते. किलोमीटर आणि वारा सगळं खरं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोळा तास एका खुर्चीत बसवणं ही शिक्षा आहे. आईला मी मध्ये उतरवूनच नेलं होतं. तीन तासांनी दुबईला उतरलो, चाललो, हातपाय मोकळे केले. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान निघायच्या अठ्ठेचाळीस तास आधी. काकू चालू शकतात म्हणून संकोच करू नका. त्या विमानतळांवरची चालच दमवते, आणि व्हीलचेअरवाला माणूस इमिग्रेशनच्या रांगेतूनही सोबत नेतो, अर्जावर काय लिहायचं तेही सांगतो. जागा कडेची घ्या, खिडकीची नको. मधल्या जागेवरच्या माणसाला उठवायचा संकोच म्हणून आई आधी पाणीच पीत नव्हती.

कोयनाकाठ

पाटणकरीण ताई, दुबईपर्यंतचे तीन-सव्वातीन तास ठीक. पण तिथून पुढचं विमान परत सोळा तासांच्या आसपासच आहे. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,००० किमी. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४००. मोठी बैठक टळली कुठं? वर तीन तास वाढलेच. मध्ये खरोखर तुकडे पाडायचे असतील तर फ्रँकफर्ट किंवा लंडन. मुंबई–लंडन ७,२०० आणि पुढे ८,६००. नऊ-साडेनऊ तास बसा, उतरा, परत अकरा तास. गुडघ्यांसाठी ही विभागणी बरी.

सिंगापूरचं मी सुचवणार नाही. मुंबईहून ३,९०० किमी खाली दक्षिण-पूर्वेला जायचं आणि मग १३,६०० किमी परत वर. बेरीज साडेसतरा हजार, म्हणजे थेट अंतरापेक्षा चार हजार जादा. जाताना वारा पाठीशी म्हणून सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को पंधरा तासांत होतं, पण येताना तेच विमान सतरा तासांच्या आसपास घेतं. तिकीट स्वस्त दिसलं असेल जावयांना.

पाटणकरीण

लंडनचं मान्य. पण तिथं टर्मिनल बदलायचं असलं तर बसनं हिंडावं लागतं, पुन्हा सगळी तपासणी. पहिल्यांदा जाणाऱ्या दोघांना मी एकटं पाठवणार नाही त्या वाटेनं. दुबईत विमानतळावर हिंदी बोलणारा माणूस दर दहा पावलांवर भेटतो, ही गोष्ट तासांत मोजता येत नाही. माझं मत बदललेलं नाही.

मिरज जंक्शन

तारखांचं कोणी बोललंच नाही. मे महिन्यात कॅलिफोर्निया आपल्यामागे साडेबारा तास असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेतेरा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, नोव्हेंबरात मागे घेतात. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापलेली असते, म्हणून नुसती वजाबाकी केली तर हास्यास्पद उत्तर येतं. समजा दिल्लीहून पहाटे ४ ला निघालात आणि सोळा तास उडालात. तिकडे उतरताना त्याच तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात! तिकिटावर बघणाऱ्याला वाटतं साडेतीन तासांत पोचलो. येताना ती भरपाई होते. सोमवारी रात्री ९ ला तिथून निघालात तर सोळा तासांनी इथं बुधवार उजाडायला लागलेला, रात्रीचा दीड. मंगळवार असा मिळतच नाही धड. सौं.चे मंगळवारचे उपवास असतील तर आधीच ठरवून घ्या.

उन्हाळ्यात सोपी युक्ती म्हणजे आपल्या वेळेतून अर्धा तास काढा आणि सकाळची संध्याकाळ करा. इथं रात्रीचे साडेनऊ, तिथं त्याच दिवशीचे सकाळचे नऊ.

गोळ्या घड्याळावर घेत असाल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

वाघोलीवाला

एक साधी गोष्ट सुटतेय. साताऱ्याच्या माणसानं मुंबईला जायचंच कशाला? पुण्याचा लोहगाव विमानतळ साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, अडीच-तीन तास. पुणे–दिल्ली विमान दोन-सव्वादोन तास, तिथून थेट सॅन फ्रान्सिस्को. एकाच तिकिटावर काढलंत तर बॅगा पुण्यात देऊन टाकायच्या, त्या थेट तिकडेच मिळतात. इमिग्रेशन दिल्लीला, टर्मिनल ३ वर. येताना मात्र बॅगा दिल्लीत ताब्यात घेऊन कस्टममधून काढून पुन्हा द्याव्या लागतात, ते लक्षात ठेवा.

खंबाटकी

पुण्याहूनच थेट अमेरिकेला का नाही मग? एवढे आयटीवाले तिथं.

वाघोलीवाला

धावपट्टी २,५३५ मीटर. तेलानं आणि माणसांनी भरलेलं लांब पल्ल्याचं विमान तेवढ्यात उचलायला जड जातं, त्यात तो हवाई दलाचा तळ. त्यामुळे दुबई, सिंगापूरपर्यंत ठीक, पुढे नाही.

शाळामास्तर

वाघोलीवाल्यांच्या सूचनेत भूगोलाचीही सोय आहे. मुंबई–दिल्ली १,१४० किमी आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३६०. बेरीज करा, साडेतेरा हजार. म्हणजे मुंबईहून थेट जेवढं अंतर, तेवढंच. मी सांगितलेला दोरा दिल्लीच्या जवळूनच जातो, त्यामुळे दिल्लीला थांबण्यानं वळसा पडतच नाही. पुण्याहूनही जवळपास तेच. दुबईनं दीड हजार वाढतात, लंडननं सव्वादोन हजारांच्या वर, सिंगापूरचे चार हजार तर कोयनाकाठ यांनी सांगितलेच.

बोगद्यापलीकडं

आपल्या कराडला धावपट्टी हाय की. तिथनं का नाय? आन सांगलीकरांच्या कवलापूरच्या विमानतळाचं काय झालं?

मिरज जंक्शन

कवलापूरचा विषय काढू नका, हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि माहुलीकर काका मे महिना संपला तरी इथंच असतील. आम्ही सांगली-मिरजेचे लोक सध्या कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर जातो आणि गप्प बसतो. त्यासाठी वेगळा धागा काढा.

खंबाटकी

काका, मुंबईहूनच जायचं ठरलं तर एक करा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर बीओएम असेल तर जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबई. साताऱ्याहून येणाऱ्याला नवा जवळ पडतो, पण पहिलं विमान एका ठिकाणी उतरून पुढचं दुसरीकडून असलं तर टॅक्सीत जीव जाईल. गाडीवाल्यालाही नाव नीट सांगा.

पाटणकरीण

आणि सातारी कंदी पेढे नेणार असाल तर आधी तिकडच्या कस्टमचे दुधाच्या पदार्थांचे नियम मुलीला बघायला सांगा. जे काही खायचं न्याल ते कस्टमला सांगायचंच, लपवायचं नाही.

माहुलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नातवाच्या शाळेतून पृथ्वीगोल आणला, दोरा लावून बघितला. सौ. म्हणाल्या, "अहो, हा तर बर्फातून चाललाय, स्वेटर हातात ठेवायला हवेत." विमानात घोंगडी देतात असं सांगितलं, पण स्वेटर बॅगेत वर गेलेच.

जावयांना फोन केला. सिंगापूर काढून टाकलं. पुण्याहून दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर बघतोय, दोघांना कडेच्या जागा आणि सौं.ना व्हीलचेअर. पाटणकरीण ताईंचं म्हणणं सौं.ना पटलेलं आहे, मला कोयनाकाठ यांचं. दिल्लीत पाय मोकळे करायचे या तोडग्यावर थांबलो आहोत. जावयांनी दोन पर्याय पाठवलेत. एकात दिल्लीला मध्ये दोन तास मिळतात, दुसऱ्यात पाच. दोन तासांचं तिकीट चार हजारांनी स्वस्त आहे. पुरतील का?

वाघोलीवाला

नाही. पुण्याचं विमान तासभर उशिरा निघणं नवीन नाही, त्यात इमिग्रेशन आणि अमेरिकेच्या विमानाआधीची जादा तपासणी. पाच तासांचं घ्या.

कोयनाकाठ

सहमत. त्यातही पुण्याहून पहिलं किंवा दुपारचं विमान बघा. हिवाळ्यात गेला असतात तर दिल्लीच्या धुक्याचंही सांगितलं असतं, मे महिन्यात त्याऐवजी धुळीचं वादळ येतं, पण ते तासाभरात निवळतं.

पाटणकरीण

पाच तासांचंच. आणि काकूंना सांगा, पुण्यातच व्हीलचेअर मागा, दिल्लीत पोचून शोधत बसू नका.